अर्जाची शहानिशा

काशीस गेलेल्या मराठी यात्रेकरूला घाटाच्या पायऱ्या उतरण्यापूर्वीच काही प्रश्नांना तोंड द्यावे लागते, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची आहे. नाव काय, मूळ गाव कोणते, गोत्र कोणते, वडिलांचे आणि आजोबांचे नाव काय, हे ते प्रश्न. विचारणारे असतात क्षेत्रोपाध्ये. यात्रेकरू उत्तरे देतो आणि उपाध्ये ती ऐकून घेतात. परंतु त्या उत्तरांवर ते लगेच विसंबत नाहीत. ते घरात जातात आणि लांबट, जाड बांधणीची वही घेऊन येतात. पूर्वी त्या कुटुंबातील कोणी काशीस आलेले असल्यास त्याने आपल्या हाताने लिहिलेली नोंद तीत असते. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. आजोबांचे नाव जुळले, गाव जुळले, म्हणजे मग नव्या पिढीची नावे त्याखाली लिहिली जातात.

या जुन्या रिवाजात एक बारकावा आहे. ज्या वहीशी ताळा पाहावयाचा ती यात्रेकरूच्या गाठोड्यात नसते, उपाध्यांच्या घरात असते. समजा, एखाद्याने घरूनच एक कागद आणला आणि म्हटले, ‘माझी सगळी माहिती मी घरी तपासूनच लिहिली आहे, आपण वही उघडण्याचे श्रम घेऊ नयेत,’ तर उपाध्ये त्या कागदाचा आदराने स्वीकार करतील, पण वही उघडल्यावाचून राहणार नाहीत. संगणकाच्या साहाय्याने आज जे कोट्यवधी अर्ज रोज भरले जातात, त्यांच्या शहानिशेचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

काशीचेच उदाहरण पुढे चालवू या, पण आता रेल्वेच्या वाटेने. २४ मे १९५६ रोजी या नगरीचे अधिकृत नाव वाराणसी असे ठरले. बोलण्यात मात्र काशी, बनारस आणि वाराणसी ही तिन्ही नावे एकाच ठिकाणाची मानली जातात. रेल्वेच्या दप्तरात तसे नाही. तेथे काशी हे राजघाटाजवळचे, मालवीय पुलाच्या तोंडाशी असलेले एक स्थानक आहे. वाराणसी जंक्शन हे दुसरे. वाराणसी सिटी हे तिसरे. आणि मंडुआडीह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाला जुलै २०२१ मध्ये बनारस हे नाव मिळाल्यापासून बनारस हे चौथे. मुंबईहून निघणारी महानगरी एक्सप्रेस वाराणसी जंक्शनला जाते, पुण्याहून निघणारी ज्ञानगंगा एक्सप्रेस बनारसला. गंगेच्या पलीकडच्या मुगलसराय जंक्शनचे नाव २०१८ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन असे झाले आणि त्याबरोबर त्याची सांकेतिक अक्षरेही पालटली. तेव्हा ‘काशीचे तिकीट हवे’ हे वाक्य मराठी माणसाच्या दृष्टीने निर्दोष असले, तरी आरक्षणाच्या अर्जात ते अपुरे ठरते.

पूर्वी हा अपुरेपणा खिडकीवर दूर होत असे. प्रवासी आरक्षणाचा छापील कागद भरी. गाडीचा क्रमांक, तारीख, कोठून कोठे, नावे, वये. खिडकीमागचा कारकून तो कागद डोळ्यांखालून घाली, एखादा रकाना कोरा असल्यास परत देई, तारीख मागे पडलेली असल्यास हटकी, आणि ‘अहो, ही गाडी त्या स्थानकाला जात नाही’ असे सांगून मगच कळफलकावर बोटे चालवी. त्याच्या आवाजात गोडवा असेच असे नाही. परंतु तो शहानिशा करणारा होता आणि खिडकीच्या पलीकडे, म्हणजे रेल्वेच्या बाजूस बसलेला होता. २००२ साली रेल्वेची तिकिटे इंटरनेटवरून मिळू लागली आणि प्रवासी व दप्तर यांच्यामधून तो कारकून नाहीसा झाला. त्याचे काम मात्र नाहीसे झाले नाही. ते कोणी करावयाचे, आणि कोठे बसून, हा प्रश्न उरला.

संकेतस्थळावरचा अर्ज दोन ठिकाणी तपासता येतो. पहिले ठिकाण म्हणजे अर्ज भरणाऱ्याचाच संगणक किंवा फोन. दुसरे ठिकाण म्हणजे अर्ज ज्याच्याकडे जावयाचा तो दूरचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात. वेबच्या आरंभीच्या काळात तपासणी फक्त दुसऱ्या ठिकाणी होई. माणसाने वीस रकाने भरावेत, बटण दाबावे, टेलिफोनच्या तारेवरून मजकूर रांगत रांगत जावा, आणि मिनिटभराने उत्तर यावे की अकरावा रकाना रिकामा राहिला आहे. या त्रासावर उतारा म्हणून १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीच्या ब्रेंडन आईक यांनी तयार केलेली जावास्क्रिप्ट ही भाषा उपयोगी पडली. तिच्यामुळे अर्जाच्या पानाबरोबरच तपासणीचे नियमही वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये येऊ लागले. रकाना कोरा राहिला की तेथल्या तेथे लाल अक्षरे उमटू लागली. पुढे वेबपृष्ठे ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात तिच्या पाचव्या आवृत्तीत, ही आवृत्ती २०१४ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाली, रकाना आवश्यक आहे की नाही, त्यात अंक हवा की तारीख, हे नुसते एका शब्दाने सांगण्याची सोय झाली.

ही सोय इतकी देखणी आणि तत्पर आहे की अनेक नवशिक्या आज्ञावलीकारांना तीच पुरेशी वाटते. येथेच घोटाळा होतो. ब्राउझरमध्ये आलेले पान हे वापरणाऱ्याच्या यंत्रात आलेले पान असते. त्यातील मजकूर, त्यातील नियम, सारे त्याच्या हवाली झालेले असते. प्रत्येक ब्राउझरमध्ये पानाची अंतर्रचना उघडून पाहण्याचे साधन असते आणि त्याच्या साहाय्याने ‘हा रकाना आवश्यक आहे’ हे शब्द कोणालाही पुसून टाकता येतात. जावास्क्रिप्ट बंद ठेवता येते. किंबहुना ते पान उघडण्याचीही गरज नसते. सर्व्हरकडे अखेर जे पोचते ते पान नव्हे. ‘नाव अमुक, वय अमुक, तारीख अमुक’ अशा धाटणीच्या काही ओळी पोचतात. त्या ओळी ब्राउझरने पाठविल्या, की एखाद्या आज्ञावलीने परस्पर तयार करून पाठविल्या, हे त्या ओळींकडे पाहून सर्व्हरला खात्रीने सांगता येत नाही. तत्काळ आरक्षणाची खिडकी सकाळी उघडते न उघडते तोच जागा संपून जातात, या तक्रारीमागे अर्ज आपोआप भरणाऱ्या अनधिकृत आज्ञावल्यांचाही हात असतो. रेल्वे सुरक्षा दलाने अशा आज्ञावल्या विकणाऱ्यांवर वेळोवेळी कारवाई केली आहे. १ जुलै २०२५ पासून इंटरनेटवरून तत्काळ तिकीट काढणाऱ्यास आधारद्वारे ओळख पटवावी लागते, ती एवढ्याचसाठी.

म्हणून ब्राउझरमधील तपासणी हे सौजन्य समजावे आणि सर्व्हरवरील तपासणी हा पहारा समजावा. सौजन्य टाकून द्यावे असे नव्हे. भाबडेपणाने चूक करणाऱ्या शंभर माणसांचा वेळ त्याने वाचतो. पण एकशे एकावा माणूस भाबडा नसतो, आणि त्याला अडविण्याचे सामर्थ्य सौजन्यात नाही.

याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण किमतीचे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही दुकानदारांच्या संकेतस्थळांवर वस्तूची किंमत पानातच एका अदृश्य रकान्यात लिहिलेली असे आणि अर्जाबरोबर तीच सर्व्हरकडे परत जाई. डोळ्यांना दिसत नाही ते कोणी बदलणार नाही, अशी ही समजूत. ग्राहकाने तो रकाना उघडून हजाराच्या जागी दहा लिहिले तर दुकान दहांना माल विकून मोकळे होई! रेल्वेच्या तिकिटाचा विचार करा. पाच वर्षांवरील आणि बारा वर्षांखालील मुलासाठी स्वतंत्र बर्थ न घेतल्यास अर्धे भाडे पडते; बर्थ घेतल्यास, २१ एप्रिल २०१६ पासून, पूर्ण भाडे पडते. पडद्यावर जे भाडे दिसते ते प्रवाशाच्या माहितीसाठी असते. सर्व्हरने वय पाहावे, बर्थ मागितला आहे की नाही ते पाहावे, आणि आपल्याच कोष्टकावरून भाडे पुन्हा मोजावे. पडद्यावरून परत आलेल्या आकड्याकडे त्याने पाहूही नये.

नियम बदलतात तेव्हा तर हे अधिकच जाणवते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. त्या दिवशी देशभरच्या असंख्य फोनांत जुनेच अॅप असेल, तर त्यातील दिनदर्शिका चार महिन्यांपुढची तारीखही खुशाल निवडू देईल. त्यात कोणाचा कपट नाही. यंत्रात जुना नियम राहून गेला इतकेच. नवा नियम एका दिवसात, एका ठिकाणी, सर्वांसाठी लागू करता येतो तो फक्त सर्व्हरवर.

आता, सर्व्हरने तपासावयाचे म्हणजे नेमके काय? सर्वांत सोपी तपासणी रूपाची. पिनकोडात सहा अंक असावेत आणि पहिला शून्य नसावा, मोबाइल क्रमांकात दहा असावेत, प्रवासाची तारीख फेब्रुवारीची तीस नसावी. याहून थोडी चतुर तपासणी अंकांच्या आपसांतील नात्याची. बँकेच्या कार्डावरील क्रमांकाचा शेवटचा अंक स्वतंत्र नसतो. तो आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेला असतो. ही रीत आय. बी. एम. कंपनीतील हान्स पीटर लुन यांची असून तिचे पेटंट १९६० मध्ये मंजूर झाले. लहान उदाहरण घ्यावयाचे तर २२१२ हा क्रमांक घेऊ. उजवीकडून मोजून एक सोडून एक अंक दुप्पट करावयाचा, दुप्पट नऊच्या वर गेल्यास त्यातून नऊ वजा करावयाचे, आणि सर्वांची बेरीज दहाने निःशेष भागली जाते की नाही ते पाहावयाचे. येथे उजवीकडून २, एकाची दुप्पट २, मग २, आणि दोनाची दुप्पट ४, बेरीज १०. क्रमांक बरोबर. घाईत कोणी २१२२ लिहिला तर बेरीज ११ येते आणि यंत्र लगेच ओळखते की कोठेतरी बोट चुकले. या रीतीतून शून्य आणि नऊ यांची शेजारची अदलाबदल निसटते. आधारच्या बारा अंकी क्रमांकातील शेवटचा अंक ज्या रीतीने काढतात ती डच गणितज्ञ याकोबस फेरहूफ यांची १९६९ ची रीत एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल पकडते.

परंतु या सर्व हिशेबातून एवढेच कळते की क्रमांक सुघटित आहे. तो खरोखर कोणास दिलेला आहे काय, आणि अर्ज करणाराच त्याचा धनी आहे काय, हे अंक सांगू शकत नाहीत. त्यासाठी दप्तर उघडावे लागते, आणि धन्याच्या फोनवर क्षणिक परवलीचा अंक, ज्याला ओटीपी म्हणतात, तो पाठवावा लागतो.

पिनकोडात तर असा पडताळ्याचा अंकच नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवी असलेल्या मराठी अधिकाऱ्याने आखली, ही गोष्ट मराठी श्रोत्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल-वाटपाच्या जिल्ह्याचा, आणि उरलेले तीन कचेरीचे. २२१००१ म्हणजे वाराणसी, २२१००५ म्हणजे काशी हिंदू विश्वविद्यालयाचा परिसर. इतकी सुबक रचना पाहिली की आज्ञावलीकाराला मोह होतो : आरंभी २२१ असेल तर जिल्हा वाराणसी, नसेल तर अर्ज फेटाळावा! पण टपालाचा जिल्हा आणि महसुलाचा जिल्हा एक नव्हे. १९९४ मध्ये वाराणसीतून भदोही जिल्हा वेगळा झाला. तेथील पिनकोड मात्र २२१४०१ असा २२१ नेच आरंभ होतो. अशा नियमाने गालिच्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भदोहीचा विणकर आपला खरा जिल्हा आणि खरा पिनकोड लिहूनही खोटा ठरेल. महाराष्ट्राच्या बाजूस हीच गत गोव्याची. तेथील पिनकोड ४०३ ने सुरू होतात आणि ‘चाळीस म्हणजे महाराष्ट्र’ असे धरून चालणारा सर्व्हर पणजीच्या माणसाला परका करून टाकतो. येथे अटकळ कामाची नाही. टपालखात्याची यादी जवळ ठेवावी आणि तीत पाहावे, हाच मार्ग.

शहानिशेचा खरा कस लागतो तो नावाच्या रकान्यात. अंकांना नियम असतात. नावांना माणसे असतात. पुष्कळ अर्जांत नावासाठी नियम घातलेला असतो की ए पासून झेडपर्यंतची इंग्रजी अक्षरेच चालतील. ज्याने आयुष्यभर आपली सही बाळबोधीत केली त्याला हा नियम सांगतो की तुझे नाव नाव नव्हे. यावर सुधारणा म्हणून कोणी ‘जगातील कोणत्याही लिपीचे अक्षर चालेल’ असा नियम लिहितो आणि त्याला वाटते की आता न्याय झाला. परंतु युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात देवनागरीच्या मात्रा, वेलांट्या, अनुस्वार व हलन्त ही चिन्हे ‘अक्षर’ या वर्गात मोडत नाहीत; ती ‘जोडचिन्हे’ या निराळ्या वर्गात आहेत. परिणाम असा, की हा उदार दिसणारा नियम कमल नावाच्या मुलीला आत घेतो आणि सीतेला दारात अडवितो. कमलच्या नावात मात्रा वेलांटी काही नाही, सीतेच्या नावात आहे! नियम लिहिणाऱ्याने कमल हेच नाव घालून पाहिले असेल तर त्याला आपली चूक वर्षभर कळावयाची नाही.

लांबीचेही असेच. ‘क्षितिज’ हे नाव मराठी डोळ्याला तीन अक्षरांचे दिसते. युनिकोडात त्याचे सात घटक होतात, कारण ‘क्ष’ मधला क, हलन्त आणि ष वेगळे मोजले जातात आणि दोन्ही वेलांट्या वेगळ्या. साठवणुकीच्या नेहमीच्या पद्धतीत यांतील प्रत्येक घटक तीन बाइट जागा घेतो, म्हणजे एकूण एकवीस. ‘नाव वीसच्या आत असावे’ असे अर्जावर लिहिले, पण वीस काय हे ठरविले नाही, तर ब्राउझर क्षितिजला होकार देईल आणि दप्तर नकार देईल. किंवा त्याहून वाईट, दप्तर नावाचा शेवटचा तुकडा मुकाट्याने कापून टाकील.

गोऱ्हे आणि कऱ्हाडे या आडनावांतला ‘ऱ’ हा तर खास मराठी पेच आहे. युनिकोडात हे अक्षर एकसंध लिहिता येते. तसेच साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन घटकांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. बाप एका कळफलकावर लिहितो आणि मुलगी दुसऱ्या, आणि दप्तराच्या लेखी दोघांची आडनावे भिन्न होतात. तपासणीपूर्वी सर्व्हरने दोन्ही रूपे एका ठरावीक रूपात आणावयाची असतात. या क्रियेला युनिकोडचेच नियम आहेत. मात्र ‘ॲ’ या अक्षराला ते नियम पुरत नाहीत. हे अक्षर एकसंध स्वरूपात युनिकोडात आले ते २००८ मध्ये. तोवर लोक अ वर चंद्र काढून काम भागवीत आणि आजही पुष्कळजण तसेच करितात. युनिकोड ही दोन रूपे एक मानीत नाही. मराठीसाठी दप्तर ठेवणाऱ्याने ती स्वतः एक मानावी लागतात.

अंकांतही गंमत आहे. कोणी पिनकोड देवनागरी अंकांत लिहिला तर? ‘येथे अंक असावा’ हा नियम ज्या छोट्याशा खुणेने लिहितात तीच खूण जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंकांना लागू पडते, आणि सर्व्हरवर पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या पायथन भाषेत ती देवनागरी अंकांनाही लागू पडते. नियम अक्षरशः तोच, ठिकाणे दोन, आणि निकाल परस्परविरुद्ध. दोन्हीकडे नियम सारखाच ठेवला म्हणजे झाले, असे जे म्हणतात त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. सर्व्हरने प्रथम देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यावेत आणि मग मोजदाद करावी; वृद्ध यात्रेकरूला कळफलक बदलण्याची शिक्षा कशाला?

नावातील स्वल्पचिन्हांची कथा याहून गंभीर आहे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती मराठी कुटुंबांत डिमेलो, डिसोझा, दिब्रिटो अशी आडनावे आहेत आणि इंग्रजीत लिहिताना त्यांतील डी या अक्षरानंतर वर एक लहानसे चिन्ह येते. दप्तरांशी बोलण्याच्या एसक्यूएल या भाषेत नेमके हेच चिन्ह मजकूर कोठे संपला हे दाखवते. सर्व्हरने अर्जातील नाव जसेच्या तसे उचलून आपल्या आज्ञेच्या वाक्यात चिकटविले, तर डिसोझा बाईंच्या आडनावापाशी वाक्य अर्ध्यावर तुटते आणि अर्ज अडतो. हे झाले निष्पाप माणसाचे. दुष्ट माणूस त्या चिन्हापुढे नावाऐवजी दप्तराला द्यावयाची स्वतःची आज्ञाच लिहितो आणि सर्व्हर ती इमानाने पार पाडतो. दप्तर वाचता येते, बदलता येते, पुसून टाकता येते. १९९८ च्या डिसेंबरात फ्रॅक नावाच्या नियतकालिकात या युक्तीचे जाहीर वर्णन आले, आणि तेव्हापासून आजतागायत तिला बळी पडणारी संकेतस्थळे आढळतच आहेत.

यावर काहींनी काढलेला उपाय म्हणजे ते चिन्हच नावात वर्ज्य करणे. घराला चोर शिरू नये म्हणून पाहुण्यालाच बंदी करण्यासारखा हा प्रकार आहे. खरा उपाय निराळा असून तो सोपाही आहे. सर्व्हरने आज्ञेचे वाक्य आधी पूर्ण करून दप्तराकडे द्यावे, त्यात नावासाठी रिकामी जागा सोडावी, आणि नाव मागाहून, ‘हा केवळ मजकूर आहे’ असे सांगून, वेगळे द्यावे. मग त्या मजकुरात कोणतेही चिन्ह असो, त्याची आज्ञा होत नाही. तद्वतच, साठविलेला मजकूर पुढे दुसऱ्याच्या पडद्यावर दाखविताना तो पानाची आज्ञा बनणार नाही अशा रीतीने गुंडाळूनच दाखवावा लागतो. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर एका तरुणाने आपल्या परिचयाच्या रकान्यात अशीच आज्ञा दडविली. ते पान पाहणाऱ्याच्या परिचयात ती आपोआप उतरे, आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक जणांपर्यंत ती पोचली.

तपासणी कडक असावी म्हणजे तऱ्हेवाईक असावी असे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. नाकारण्याचीही एक रीत असते. ‘अर्ज अवैध’ एवढेच उत्तर देऊन सारे रकाने पुन्हा कोरे करून दाखविणारा सर्व्हर खिडकीमागच्या तिरसट कारकुनापेक्षाही वाईट, कारण कारकून निदान कागद परत देत असे. कोणता रकाना चुकला, काय अपेक्षित होते, आणि बाकीचे भरलेले सगळे जागच्या जागी आहे, इतके तरी उत्तरात असावे. उलटपक्षी, परवलीचा शब्द चुकला असता ‘नाव बरोबर आहे, शब्द तेवढा चुकला’ असे सांगणे घातक. त्यामुळे तोतयाला अर्धे काम करून दिल्यासारखे होते. तेथे मोघम बोलणेच शहाणपणाचे.

शेवटी अशा गोष्टी उरतात की ज्या ब्राउझरला, तो कितीही प्रामाणिक असला तरी, कळूच शकत नाहीत. काशी विश्वनाथाच्या पहाटेच्या मंगला आरतीसाठी जागा इंटरनेटवरून राखता येतात आणि त्या मोजक्याच असतात. सोलापुरात बसलेल्या कुटुंबाला पडद्यावर ‘एक जागा शिल्लक’ असे दिसते. त्याच क्षणी इंदूरच्या कुटुंबालाही तेच दिसते. दोघेही खरे पाहत आहेत. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले तर जागा कोणाची, हे ठरविणारे एकच ठिकाण असू शकते. सर्व्हरनेही येथे दक्ष राहावे लागते. ‘जागा आहे काय’ असे आधी पाहून ‘आता दिली’ असे नंतर लिहिले, तर त्या दोन क्रियांच्या मधल्या निमिषात दुसरा अर्ज आत घुसतो आणि एक जागा दोघांस दिली जाते. म्हणून पाहणे आणि लिहिणे या दोन्ही क्रिया एका अखंड व्यवहारात बांधतात. पहिला व्यवहार पुरा होईपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते.

याला जोडूनच एक अगदी घरगुती अडचण येते. पैसे भरण्याचे बटण दाबले, चक्र फिरत राहिले, उत्तर येईना; तेव्हा माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. अर्ज दोनदा पोचतो, आणि बेसावध सर्व्हर दोन तिकिटे काढून दोनदा पैसे कापतो. यासाठी अर्जाचे पान देतानाच सर्व्हर त्यात एक वेगळा, पुन्हा न वापरला जाणारा क्रमांक घालून ठेवतो. बटण दोनदा दाबले काय किंवा दहादा दाबले काय, क्रमांक तोच राहतो. पहिल्या खेपेस सर्व्हर तिकीट काढतो आणि तो क्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवतो. दुसऱ्या खेपेस वही पाहतो, क्रमांक आधीच नोंदलेला आढळतो, आणि नवे काही न करता पहिलेच तिकीट पुन्हा पुढे ठेवतो.